तोंड नसलेलं पैंजन

त्या दुपारी घरात कोन कोन हुतं ते आदी सांगते. मी हुते. माझं मालक हुतं, खिडकीच्या उजेडात पाटावर बसलेलं. सासू हुती, तिला आमी सगळी आत्ती म्हनायचो. ती खाटंवर पाय पसरून पान कुटत बसलेली. धाकटा दीर हुता, नुकताच बाजारातनं आलेला. आन आमची लेक हुती, कालेजातनं येऊन दारात चपला काढत हुती. एवढीच मानसं. त्यातली मी, दीर आन लेक अजून हाय. आमी तिघं ती दुपार येगयेगळी सांगतो. ही माझी.

आमचं घर हुपरीत. हुपरीत घरोघर चांदीचं काम चालतंय. आमच्याबी पुढच्या सोप्यात मालक आन दीर पैंजनं करायचं. तारंच्या बारीक कड्या, कडीत कडी घातली की साखळी, साखळीला घुंगरं, एका टोकाला फासा आन दुसऱ्या टोकाला कडी, की झालं पैंजन. कड्या जोडाय मीबी बसायची. लगीन होऊन आल्यापास्नं माझ्या कानात दुसरा आवाजच न्हाय. पालिश केलेली पैंजनं कुनी टोपलीत वतली की झोपेतबी वाटायचं, लांब कुटंतरी पानी वाहतंय.

तर त्या दुपारी मालक एक पैंजन घिऊन बसलेलं. लई येळ बसलं. उजेड खिडकीतनं सरकत त्येंच्या मांडीवर आला, मांडीवरनं भुईवर गेला, तरी ते एकच पैंजन. मग म्हनलं, "झालं बग."

मी हातात घेतलं. बोटानं फासा शोधाय लागले तर फासाच न्हाय. शेवटची कडी त्येंनी पयल्या कडीत घालून डाक मारून टाकलेला, म्हंजे वितळल्या चांदीनं पक्कं जोडून टाकलेलं. सगळं गोल. कुटं सुरू न्हाय, कुटं संपत न्हाय. जोड तर असा साफ, की कुटं जोडलंय ते सापडंना. मी पायात घालून बगितलं, टाचंवरनं फुडं जाईना.

दीर हसला. "दादा, ह्ये कुनाच्या पायात घालायचं? का चांदी देनाऱ्या शेटला सांगायचं, गिऱ्हाइकाचा पाय कापून आन?"

मालक त्येच्याकडं बगत ऱ्हायलं. हसलं न्हाय, रागावलं न्हाय. मग म्हनलं, "आक्का बोलावत्या. मी जाऊन येतो."

आक्का म्हंजे त्येंची थोरली भन. ती परकर घालायच्या वयातच गेलेली. आत्तीचा पानाचा दस्ता हातातच थांबला.

दीर जवळ आला, त्येंच्या तोंडाजवळ वास घेतला आन म्हनला, "दुपारीच घेतलीस व्हय रं दादा?"

माझ्या मालकानं जलमात दारूला हात लावला नव्हता. पर वास येत हुता, ते खरं. दारूचा नव्हं. गोडसर, कुबट. पावसाळ्यात भिजून आत तापलेल्या भाताच्या पिंजराचा येतोय तसा.

आता मागचं थोडं सांगते.

लेक लहान हुती तवा मालकाला कावीळ झालती. गावात कावीळ झाली की जे करत्यात ते आमीबी केलं. गळ्यात मुळ्यांची माळ घातली, ती रोज लांबत गेली, लोक म्हनलं कावीळ उतरली. डोळं पांढरं झालं. आमी इसरून गेलो. ती आत बसून ऱ्हायली, ह्ये कुनाला कळायचं? लई वर्सानं पोट फुगाय लागलं, पाय सुजाय लागलं, तवा कोल्हापूरला नेलं. तितं सांगितलं, लिव्हर आकसून घट्ट झालंय, ह्ये आता बरं व्हायाचं न्हाय, पर सांबाळलं तर मानूस चालतंय. पोटातलं पानी काडलं, मीठ कमी कराय सांगितलं, गोळ्या दिल्या आन एक औशिद दिलं. पातळ काकवीवानी, गोडमिट्ट. दिसातनं दोन-तीन येळा परसाकडंला मऊ व्हाया पायजे, तेवढं पाजत ऱ्हावा म्हनलं. कशापायी तेबी सांगितलं आसंल. तवा आमचं ध्यान पोटाच्या पान्याकडं हुतं.

घरी आलो. औशिद सुरू झालं आन मालक सारखं मागल्या दारानं जायाय लागलं. संडास परसाच्या पार टोकाला. जायाचं, यायाचं, पाटावर बसायचं, परत उटायचं. मानूस वाळून गेलं. आत्ती म्हनली, "आगं, खाल्लेलं अंगाला लागू द्या की. ह्ये असलं कसलं औशिद, लेकराचं बळ धुवून चाललंय." आय ती. तिनं बाटली देवाच्या फळीमागं ठेवली आन डाळिंबाची साल उगाळून द्याय लागली. परसाकडंला बसली. आमाला सगळ्यांना बरं वाटलं.

त्येवर दिरानं आनिक एक केलं. डाक्टरनी लिव्हर खराब म्हनलंय, म्हंजे काळीज. मग काळजाला काळीज पायजे. त्यो रोज सकाळी खाटकाकडं जाऊन उबा ऱ्हायाचा आन बकऱ्याचं ताजं काळीज घिऊन यायाचा. मी तव्यावर परतून द्यायची. रविवारी पायाचा रस्सा. भावाचा जीव हुता भावावर. पोटाची उपासमार करील, पर भावाचं काळीज चुकवायचा न्हाय. मालकबी खायचं, कारन धाकट्यानं आनलंय.

आन मग ते दिस सुरू झालं.

ते दिस आटवलं की मला वाटतंय, आमच्या घरात कुनीतरी धुकं आनून सोडलंय. मालक दिसभर झोपायचं. हातोडीच्या आवाजात, घुंगरांच्या आवाजात, पाटावर बसल्या जागी मान खाली. जागं झालं की जागं न्हाय आन झोपलं की झोपलेलं न्हाय. डोळं उगडं, पर बगत कुटं हुतं कुनास ठाऊक. चहात मीठ घालून प्यालं, तोंड वाकडं केलं न्हाय. इकून टाकलेली सायकल परसात हुडकत फिरलं. "हितंच लावलती," म्हनायचं, आन जितं सायकल लावायचं तितंच उबं ऱ्हायाचं, हात हवेत, जनू हँडल धरलंय.

एकदा सकाळी मी भाकरी थापत हुते. मागं येऊन बसलं. हातात काय न्हाय, पर बोटं चालू. हवेत कडीत कडी घालत हुतं. मी पिठाच्या हातानं तशीच बगत बसले. एवढं हळू, एवढं नाजूक. मला वाटलं, आता जर मी डोळं बारीक केलं तर ती साखळीबी दिसंल. चुलीतला धूर त्या बोटांतनं जात हुता.

"आक्का," मला म्हनलं, "चिंचा आनल्यास?"

मी म्हनलं, "आनल्यात. मीठ लावून ठेवल्यात. उद्या देते."

"आईला सांगू नगंस."

"न्हाय सांगत."

ते हसलं. लगीन झाल्यापास्नं तसं हसलेलं मी बगितलं नव्हतं. मी आक्का झाले तर झाले. भाकरी करपली.

कदी म्हनायचं, दारात पानी आलंय, भांडी वर उचला. आमच्या दारात कदी पुराचं पानी आलं न्हाय. तरी मी दोन भांडी उचलून फळीवर ठेवायची. त्येंना बरं वाटायचं. हळूहळू मलाबी सकाळी उंबऱ्यात पाय टाकताना भिजतोय की काय वाटाय लागलं.

हात थरथरायचं न्हाईत, फडफडायचं. घास घ्यायला हात लांब केला की मनगटातनं खाली पडायचा, परत वर, परत खाली. तोच हात, ज्येनं केसावानी बारीक तार वडली.

बाहिर बोभाटा झालाच. चांदी दुसऱ्याची, मजुरी आपली, असलं आमचं काम. ज्येच्या हातात दुसऱ्याची चांदी द्यायाची त्यो मानूस दुपारी पिऊन पडतोय, असं गल्लीत बोलाय लागली. पान्याच्या नळावर एक बाई मला म्हनली, "काय गं, मालक आजकाल लई खुशीत असत्यात म्हनं?" मी कळशी भरली, चुंबळ सारकी केली आन म्हनलं, "व्हय. तुला पाटवून देऊ का चार दिस?" तिनं आपली घागर नळाखाली सरकवली. पर त्या दिसापास्नं मी पान्याला सगळ्यांच्या मागनं जायाय लागले.

दिराला लोकांनी सांगितलं, ही दारू न्हाय, ह्ये बाहिरचं हाय. मेलेली भन बोलावत्या म्हंजे काय? राज्याच्या सीमेपलीकडं एक ठिकान हाय, तितं अशी मानसं नेत्यात. खांबाला बांधत्यात. आतलं बोलस्तवर बांधून ठेवत्यात, उपाशी ठेवत्यात, छडीनं मारत्यात. मग बरी हुत्यात. अवसंला न्ह्यायाचं. दिरानं जीप ठरवली. आत्तीनं हुंकार दिला. लेक तेवढी म्हनली, "आबांना बांधायचं?" आन आत जाऊन दार लावून घेतलं.

मला माहीतच नव्हतं काय म्हनायचं ते. मी चौथी शिकलेली बाई. एवढंच डोळ्यापुडं यायचं, की ते अंगानं काडी झालेलं मानूस खांबाला बांधलंय, आन ते बोटांनी हवेत कड्या जोडतंय, आन लोक म्हनत्यात, बोल, कोन हायस तू.

आता जे झालं ते ध्यान दिऊन ऐका.

शेजारच्या म्हातारीच्या परसात पपईचं झाड हुतं. तिनं एक पिकलेली पपई दिली. मालकाला आवडली. सांजंला खाल्ली, सकाळी खाल्ली. पोट बरंच दिस गच्च झालतं, ते सुटलं. दोन-तीन खेपा मागल्या दारानं गेलं. आलं, हात-पाय धुतलं आन येऊन पाटावर बसलं. नीट. खिडकीत ते गोल पैंजन टांगलेलं, ते काडून घेतलं, फिरवून फिरवून बगितलं आन म्हनलं, "ह्ये कुना गाढवानं केलंय?"

माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

"तुमीच केलंय," मी म्हनलं.

"मी?"

"व्हय."

त्येंनी जोडावरनं नख फिरवलं. मग म्हनलं, "जोड बाकी चांगलाय." आन पकड उचलली, कडी तोडाय.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हनलं, "मोडू नगा." कशापायी म्हनलं कुनास ठाऊक.

"लेक कुटाय?" त्येंनी इचारलं. "आज वार कंचा? मला लई झोप लागलती गं. सपनात सारखं तुजं तोंड दिसायचं, पर तुला हाक मारली की दुसरंच नाव यायाचं."

तो दिस ते माझं मालक हुतं. दुसऱ्या दिशी दिरानं काळीज आनलं, आत्तीनं साल उगाळली, आन तिसऱ्या दिशी परत धुकं. मी तव्यापाशी बसून इचार कराय लागले. मला इचार करायची सवय न्हाय, पर त्या दिशी केला. पोट साफ झालं, मानूस आलं. पोट बसलं, मानूस गेलं.

दीर जेवाय बसला तवा मी म्हनलं, "भावजी, एक इचारू?"

"इचारा की."

"ह्ये जे बाहिरचं हाय म्हनतायसा, ते काय परसाकडंला गेल्यावर उतरतंय व्हय? आन पोट बसलं की परत चडतंय? असलं कसलं हो भूत?"

"वैनी, चेष्टा करू नगासा. माझा भाव हाय त्यो."

"माझाबी कोनतरी हाय की."

"उद्या अवस. जीप ठरल्या. शब्द दिलाय मी."

"जीपवाल्याला दिलायसा. मला न्हाय दिला."

त्यो ताटावरनं उटला. डोळ्यात पानी हुतं त्येच्या. वाईट मानूस न्हाय त्यो, आजबी न्हाय. आपल्या भावाला बांधाय कुनाला आवडतंय? पर दुसरं काय करायचं ते त्येला कुनी सांगितलं नव्हतं.

मी आत्तीकडं वळले. "आत्ती, एक दिस मला द्या. फाटंच्या यस्टीनं कोल्हापूरला नेते. डाक्टरनी हात टेकलं तर तुमची जीप. मग मी एक शब्द बोलनार न्हाय."

आत्ती पान कुटत हुती. कुटून झालं, तोंडात टाकलं, चुना बोटाला पुसला. मग म्हनली, "जा. जीपवाला आला तर मी त्येला चहा पाजून बसवते. लई पाजते. हालू देत न्हाय."

फाटंला आमी तिघं निगालो, मी, मालक आन लेक. थंडीचं दिस. उसाच्या फडांवर धुकं असं टेकलेलं, की यस्टी जमिनीवरनं चालत्या का कशावरनं ते कळंना. गुऱ्हाळं सुरू झालती. लांबनं धूर यायाचा, त्यो धुक्यात मिसळायचा, आन गुळाचा वास खिडकीतनं आत. मालकाचं डोस्कं माझ्या खांद्यावर. मधीच डोळं उगडून म्हनलं, "ढग खाली उतरल्यात. आता पैंजनं भिजनार."

"झाकून ठेवल्यात," मी म्हनलं.

मला त्या वाटंला एक वाटलं ते सांगते. वाटलं, ही यस्टी अशीच जाऊ दे. कोल्हापूर येऊ ने. कुनी उतरू ने. ते त्येंच्या सपनात, त्येंचं डोस्कं माझ्या खांद्याला. पर लेक समोरच्या बाकावर पाठ ताठ करून बसलेली. तिच्याकडं बगितलं आन मी पदर खोचला.

दवाखान्यात एक डाक्टरीन बाई हुत्या, वयानं लहान. त्येंनी मालकाला सांगितलं, "हात पुढं करा. पोलीस थांब म्हणतो तसे." मालकानं हात केलं. तळवं फडफडाय लागलं, कबुतर दोरीनं बांधल्यावर फडफडतंय तसं. बाईंनी मान हलवली. मग कागद-पेन दिलं. "चांदणी काढा बघू."

माझ्या मालकानं जलमभर चांदीवर चांदन्या काडलेल्या. डोळं झाकून काडायचं. आता पेन कागदावर फिरलं, एक रेघ हितं, एक तितं. टोकाला टोक मिळंना. पैंजनात जितं टोक मोकळं सोडायचं तितं जोडून टाकलेलं, आन हितं जोडायचं तर जोडंना. मी तोंड फिरवलं.

बाईंनी इचारलं, "ते गोड औषध चालू आहे ना?"

मी सगळं सांगितलं. बाटली फळीमागं, डाळिंबाची साल, काळीज, झोप, आक्का, समदं. त्या रागावल्या न्हाईत. म्हनल्या, "मावशी, तुमचं माहेर कुठलं?"

मी गाव सांगितलं.

"मग गुऱ्हाळ बघितलंय तुम्ही. मी बिद्रीकडची, आमच्या घरचंच होतं. काहिलीत रस उकळताना वर काय येतं?"

"मळी."

"ती काढली नाही तर?"

"गूळ काळा पडतोय. खाववत न्हाय."

"आपल्या पोटात उजव्या कुशीला लिव्हर असतंय, ते म्हणजे मळी काढणारा गुळव्या. आपण खाल्लेलं आतड्यात कुजतं, त्याची घाण रक्तात येते. गुळव्या ती काढून टाकतो, आपल्याला कळतसुद्धा नाही. तुमच्या मालकांचा गुळव्या थकला. मळी तशीच रक्ताबरोबर डोक्यात चढते. मग माणूस पेंगतो, भलतंच बोलतो, माणसं ओळखत नाही, हात असे फडफडतात. त्यांचं डोकं फिरलेलं नाही, त्यांनी दारूही प्यालेली नाही. डोक्यात मळी साचलीय."

"मग ते औशिद?"

"ते मळी खालनं काढून टाकतं. तुम्हाला वाटलं ते जुलाब आहेत. तीच दवा आहे. पोट जितकं बसेल तितकी मळी वर."

"आन काळीज?"

बाई जराशा हसल्या. "दिरांना सांगा, बकऱ्याचं काळीज माणसाच्या काळजाला लागत नाही. रोज एवढं मटण ह्यांच्या गुळव्याला झेपत नाही. डाळ, दूध, ताक द्या. पण उपाशी ठेवू नका, उपाशी माणसाला हे जास्त होतं."

उपाशी म्हनल्यावर मला त्यो खांब आटवला. मी बाकाचा काट घट्ट धरला.

त्येंना ठेवून घेतलं. खालनं औशिद घालून पोट धुतलं, ते गोड औशिद सुरू केलं, सलाईन लावलं. मी खाटंखाली सतरंजीवर बसून ऱ्हायले. दुसऱ्या दिशी सकाळी उन्हाची पट्टी भिंतीवरनं त्येंच्या तोंडावर आली. त्येंनी डोळं उगडलं. माझ्याकडं बगितलं. मी हालले न्हाय. मला भ्या वाटत हुतं, की आता मला काय म्हनून हाक मारत्यात.

"आगं," त्येंनी म्हनलं, "तू हितं भुईला का बसलीस? गार लागंल."

मी उटले, बाहिर नळावर गेले, तोंड धुतलं. लई येळ धुतलं.

घरी आलो तर जीप कवाच गेलती. आत्ती म्हनली, "चहाची पूड संपली बग." दीर सोप्यात उबा. मालक त्येला म्हनलं, "काय रं, मला बांधनार हुतास म्हनं?" त्यो भावाच्या पायाजवळ बसला आन लहान पोरागत रडला. मालक म्हनलं, "उट. दोरी तरी चांगली आनलतीस का?" मग दोगंबी हसाय लागले. त्या महिन्यातच दिरानं सोप्याला लागून नवा संडास बांधाय घेतला. स्वता इटा वाहिल्या. गल्लीतली म्हनायची, चांदीवाल्यानं म्होरल्या दारात संडास बांधला, अक्कल गेली. बांधला तर बांधला.

दवाखान्यातनं निगताना डाक्टरीन बाईंनी मला एक सांगितलतं. "मावशी, रोज सकाळी त्यांना हातानं काहीतरी करायला द्या, जे त्यांना झोपेतसुद्धा येतं. ते चुकलं की समजा मळी चढायला लागली. औषध वाढवा, आणि नाही उतरलं तर लगेच घेऊन या."

मग मी रोज सकाळी पितळीत मूठभर कड्या वतायची. ते जोडायचं. आत्ती खाटंवरनं म्हनायची, "जोड बाबा, शाळा भरली तुजी." ते म्हनायचं, "आयुष्यात शाळंला गेलो न्हाय, म्हातारपनी रोज परीक्षा." साखळी सरळ आली की मी चहा ठेवायची. एका कडीत दोन कड्या गेल्या, का बोटं मधीच थांबून खिडकीत बगाय लागली, की आत्ती स्वता बाटली काडायची, चमचा धरायची. ज्या हातानं फळीमागं ठेवली त्याच हातानं. "घे. आन पळ आता."

असं आमी लई वर्सं काडली. मधीमधी धुकं यायाचं. कदी आमच्या चुकीनं, कदी ताप आला म्हनून, कदी काय कारनच न्हाय. आमी भ्यायचो न्हाय. मला आक्का म्हनलं तर मी चिंचा द्यायची कबूल करायची, औशिद पाजायची, आन न्हाय उतरलं तर यस्टी धरायची. लेकीचं लगीन त्येंनी धड डोस्क्यानं केलं. तिच्या पोराच्या बारशाला वाळं त्येंनी घडवलं, तोंड ठेवून.

शेवटी गुळव्या पारच थकला. त्या येळंला औशिदाला दाद दिली न्हाय. थंडीचंच दिस हुतं, सकाळचं. पितळीत कड्या तशाच ऱ्हायल्या. ते झोपेत हुतं, आन झोपेतच बोटं जराशी हालली, मग थांबली. मी हात धरून हुते. खिडकीबाहिर गुऱ्हाळाचा वास येत हुता.

दिवसकार्याला आलेल्या एका पावन्यानं म्हनलं, "डोस्क्यावर परिनाम झालता न्हवं मालकाच्या?"

मी काय बोलायच्या आदी आत्ती म्हनली, "डोस्कं सोन्यागत हुतं माझ्या लेकाचं. दुखनं पोटाचं हुतं." आन पान कुटाय लागली.

ते गोल पैंजन माझ्यापाशी हाय. कितीदा सोनार म्हनले, आजी, तोड, फासा लावून देतो. मी न्हाय दिलं. सकाळी खिडकीत धरलं की उजेड त्यातनं गोल फिरतोय. मला वाटतंय, ते त्या दुपारी कुटंतरी लांब आक्काकडं गेलतं, आन तितनं परत येताना वाट इसरू ने म्हनून टोकाला टोक बांधून ठेवलं.

आता तुमी, जे कोन ह्ये ऐकताय. तुमच्या घरात कावीळ होऊन गेलेलं, का लिव्हरचं दुखनं असलेलं मानूस हाय, आन ते दिसा झोपाय लागलं, भलतंच बोलाय लागलं, हात फडफडाय लागलं, तर त्येला दारुडा म्हनू नगा, येडा म्हनू नगा, कुटं बांधाय न्हेऊ नगा. पोट साफ झालं का इचारा, गोड औशिद बंद केलं असलं तर डाक्टरला खरं सांगा, आन त्याच दिशी दवाखान्यात घिऊन जावा. एवढं करा.